धारेची वही

हेळवी यंदा टेम्पोतून आला.
बैल परवडत न्हाई म्हणाला,
गंगावेशीत आमच्या गोठ्यापुढं पोतं अंथरलं
आणि चोपडी उघडून एका दमात वाचून काढलं घराणं:
सिद्धाप्पाचा बसाप्पा, बसाप्पाचे तिघे,
थोरला मलाप्पा, मलाप्पाला बायका दोन,
पहिलीला संतान नाही,
दुसरीचे चार.
चारांतला तिसरा माझा बाप.
तो तेव्हा पाटीत पेंड कालवत होता,
आपलं नाव ऐकून मानही वर केली नाही त्यानं.

मी उतरून घेत होते,
घराण्याचा इतिहास लिहायचा म्हणून
शाहूपुरीतून आणलेल्या दोनशे पानी वहीत.
पहिलीचं नाव?
हेळव्यानं ओळीवरून बोट मागं नेलं, पुढं नेलं.
"पहिली," म्हणाला.

आत्तीला विचारलं.
"मला काय म्हाईत? मी दुसरीच्या पोटाला आलो,
लगीन करून निपाणीला गेलो.
माझं तरी नाव हाय का बघ त्यात."
आमच्याकडं बाया अशाच बोलतात,
मी आलो, मी गेलो, मी जेवलो.
पुरुषांच्या ओळीत त्यांना एवढीच जागा,
क्रियापदाच्या शेपटाला.

आज्याची वही पेंडीच्या पोत्यांमागं सापडली.
दोन पुरांत भिजून फुगलेली,
शेणाच्या बोटांनी उलटलेली.
तिच्यात माणसं नाहीत. म्हशी आहेत.
मोरीची चंद्री, चंद्रीची कवळी, कवळीची भिंगरी,
आईवरून लेक, लेकीवरून नात,
कोण किती वेतांची, कुणाचा सड मेला,
पाडव्याला कुणाच्या शिंगांना कुठला रंग.
रेडे एका शब्दात: विकला.

आणि धारेच्या आकड्याशेजारी, पेन्सिलीनं,
मोरी, सांज, चार शेर. नीलव्वानं काढली.
मोरी, सकाळ, साडेचार. नीलव्वा.
मोरी दुसऱ्या हाताला उभी राहत नाही.
अशी चौदा पानं.

मग, नीलव्वाला ताप. मोरी दोन शेर.
ताप. दीड.
मग एक पान कोरं.
पुरानं धुतलेलं असेल म्हणून उजेडाला धरलं.
कोरंच.

त्यापुढं:
मोरी पान्हा चोरते. पाय बांधले. नाही.
रेडकू लावलं. नाही.
नीलव्वाचं लुगडं नेसून बसलो.
सोडला.
तीन शेर.

ज्याचा एकच फोटो आहे, फेटा, मिशा, मांडीवर मूठ,
तालमीतला गडी म्हणून गल्लीनं सांगितलेला तो आजा
पहाटे कंदील खांबाला अडकवून,
डोक्यावरून पदर घेऊन,
म्हशीच्या पोटाला कपाळ टेकून बसलेला.
रडला का, ते वहीत नाही.
दूध तेवढं मोजलंय.
पुढच्या वैशाखात दुसरी आली.
तिचे आम्ही.

बाप म्हणाला, "हे असलं कशाला लिहितीस?
लोक हसतील."
मग पेंड कालवत राहिला बराच वेळ.
मग, माझ्याकडं न बघता,
"दावणीला ती तिसरी हाय न्हवं,
ती मोरीच्याच वंशातली."

हेळवी चार दिवसांनी निघाला.
टेम्पो सुरू व्हायच्या आत मी शंभराची नोट पुढं केली.
पहिलीचं नाव लिहा. नीलव्वा.
"कुणाची लेक? गाव? कूळ?"
ठाऊक नाही, मी म्हणालो.
"मग कोण म्हणून लिहू?"

मोरी हिच्याच हाताला पान्हवायची,
असं लिहा.

त्यानं माझ्याकडं बघितलं, बापाकडं बघितलं,
चोपडी मांडीवर घेतली
आणि कानडीत बरंच काही लिहिलं,
दीड ओळ तरी.
मला कानडी वाचता येत नाही.